मिडी इन मुकं झालं, तर आधी काय पाहावं

ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक मुलगा गेल्या आठवड्यात सिंथ घेऊन आला. म्हणाला, "सर, याचं मिडी इन गेलंय. बोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं. तेवढ्या पैशांत जुना दुसरा मिळेल, मग हा काढून टाकू का?" सिंथच्या स्वतःच्या पट्ट्या दाबल्या की आवाज ठणठणीत. ऑक्टोपॅड किंवा दुसरा कीबोर्ड जोडला की मात्र हूं की चूं नाही. कधीपासून, असं विचारलं. महिनाभर झाला म्हणे. त्याआधी काय केलं होतंस? एका स्टुडिओत लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग केलं होतं. उत्तर तिथेच होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी कुणीतरी सिस्टिमच्या मेनूत जाऊन मिडीची वाट यूएसबीकडे वळवली होती आणि ती सेटिंग सेव्ह करून ठेवली होती. मागचं गोल सॉकेट ठीक होतं, वायर ठीक होती, फक्त सिंथ त्या दाराकडे कान देत नव्हता. तीन बटणं दाबली आणि वाजायला लागला.

तो मुलगा वाद्य विकायला निघाला होता. अशी वाद्यं निम्म्या किमतीत गेलेली मी पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो. मिडी इनची तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या वाद्यांपैकी आतला पार्ट खरोखर गेलेली थोडीच असतात. बाकीच्यांत निरोप वाटेत कुठेतरी अडलेला असतो, नाहीतर दारापर्यंत येऊनही वाद्याने तो घेतलेला नसतो. म्हणून 'मिडी गेलं' हे वाक्य बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न हातात धरा: निरोप कुठपर्यंत पोहोचतोय? वाजवणाऱ्याच्या बोटापासून सिंथच्या आवाजापर्यंत जितके टप्पे आहेत, ते एकेक करून तपासायचे. स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

वायरीतून काय जातं

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, हे वाजवणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत असतं, पण बिघाड शोधताना ते विसरायला होतं. वायरीतून आकडे जातात. 'ही पट्टी दाबली, एवढ्या जोराने', 'ही सोडली', 'बेंडर इतका वळवला', 'अमुक नंबरचा टोन लाव'. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने ते धावतात. पट्टी दाबल्याचा निरोप तीन बाइटचा असतो आणि त्याला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. वायरीतला प्रवाह असतो सुमारे ५ मिलिअँपिअर.

हा प्रवाह घेणाऱ्या सिंथच्या सर्किटला थेट भिडत नाही. इनच्या सॉकेटमागे ऑप्टोकप्लर नावाची चिमुकली चिप बसलेली असते. तिच्या पोटात एका बाजूला एलईडी आणि समोर प्रकाश ओळखणारा भाग. वायरीतला निरोप एलईडीला लुकलुकवतो आणि पलीकडचा भाग ते बघून आतल्या प्रोसेसरला सांगतो. दोन वाद्यांमध्ये विजेची सलग वाट राहत नाही, म्हणून एकाच्या अर्थिंगची गुणगुण दुसऱ्याच्या आवाजात शिरत नाही. ही रचना नीट डोक्यात बसली की पुढची निम्मी तपासणी आपोआप सुचते.

जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेत अ‍ॅनाहाइमला भरलेल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ मिडीने एकमेकांना जोडून दाखवले. दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन देशांची वाद्यं एका वायरीवर बोलली. त्यानंतर गोल सॉकेटची रचना तीच राहिली, वेगही तोच राहिला. १९८४चा ज्यूनो-१०६ आणि आज दुकानातून आणलेला गोल सॉकेटवाला कीबोर्ड यांच्यामध्ये साधी पाच पिनची वायर टाकली की ते एकमेकांचं ऐकतात. चाळीस वर्षांपूर्वीचं वाद्य आजही कामाला लावता येतं ते यामुळे, आणि म्हणूनच ते घाईने मोडीत काढू नये.

वायर

आधी सगळं सुटं करा. एक पाठवणारं वाद्य, एक घेणारं, मध्ये एक वायर. मर्जर, थ्रू बॉक्स, कॉम्प्युटर काही नको. पाठवणाऱ्याच्या आउटमधून घेणाऱ्याच्या इनमध्ये. हे सांगायची गरज वाटू नये, पण आउटवरून आउटला आणि इनवरून इनला जोडलेल्या वायरी मी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी स्टेजवर पाहिल्या आहेत. सॉकेटवरची नावं वाद्याच्या बाजूने लिहिलेली असतात. 'इन' म्हणजे या वाद्याच्या आत येणारं.

आता वायरीचं तोंड बघा. पाच पिना अर्धवर्तुळात असतात. मधली २ नंबरची, तिला शील्ड जोडलेलं असतं. तिच्या लगतच्या दोन्ही बाजूंना ४ आणि ५, आणि मिडीचं सगळं काम या दोघींवर चालतं. टोकाच्या १ आणि ३ मिडीत वापरल्या जात नाहीत. मल्टिमीटर बीपवर ठेवून या टोकाची ४ त्या टोकाच्या ४शी आणि ५ ही ५शी बोलते का ते पाहा. बीप वाजत असताना वायर दोन्ही टोकांजवळ हलवून, वाकवून बघा. मिडीची वायर बहुतेक वेळा प्लगच्या मानेपाशी तुटते, आणि सरळ धरली की जुळते, टेबलाच्या कडेवरून वाकली की सुटते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिची किंमत मी मोजली आहे. जुन्या टेपरेकॉर्डरच्या वायरीलाही हुबेहूब असाच पाच पिनचा प्लग असतो. तिच्यात आतल्या तारा वेगळ्याच पिनांना जोडलेल्या असतात, कधी आडव्या-तिडव्या, कधी ४ आणि ५ रिकाम्याच. हे काम शिकत असताना अशी एक वायर मिडीची समजून मी तीन दिवस एका सिंथशी झुंजलो. वायर नवीकोरी दिसत होती, तिच्यावर शंका घेतलीच नाही. सिंथ उघडला, चांगला ऑप्टोकप्लर काढला आणि तो काढताना बोर्डवरची तांब्याची रेघ उचकटली. वाद्य दुसऱ्याचं होतं. रेघ जोडून दिली, वाद्य वाजलं, पण त्यानंतर मल्टिमीटर लावल्याशिवाय मी कुठल्याही वायरीवर विश्वास ठेवलेला नाही. लांबीचंही बघा. १५ मीटरच्या पुढे मिडीची वायर नेऊ नये. स्टेजच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची असेल तर मध्ये एखादं वाद्य किंवा थ्रू बॉक्स घाला.

छोट्या सिंथवर आता गोल सॉकेटऐवजी ३.५ मिलिमीटरचा, हेडफोनसारखा जॅक येतो. इथे टाइप ए आणि टाइप बी अशा दोन पद्धती आहेत. दोन्हींत टिप आणि रिंग यांची कामं उलटसुलट असतात. २०१८मध्ये टाइप ए प्रमाण ठरली, पण त्याआधी कंपन्यांनी आपापल्या मर्जीने दोन्ही काढल्या होत्या. कोर्गच्या वाद्यांना ए लागते, आर्टुरियाच्या बीटस्टेप प्रोला बी. चुकीचा जोड लावला तर काही जळत नाही, फक्त निरोप जात नाही. तेव्हा जॅकवाल्या सिंथचं मिडी इन 'नव्यापासूनच मेलेलं' असेल, तर आधी दुसऱ्या टाइपचा जोड लावून पाहा.

एलईडीचा एक खेळ, जो प्रत्येकाने करून ठेवावा

वायर ठीक आहे, पण पाठवणारं वाद्य खरंच काही पाठवतंय का? हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. एक लाल एलईडी, २२० ओहमचा एक रेझिस्टर आणि पाच पिनचं एक सॉकेट. सॉकेटच्या मागे पिनांचे आकडे बारीक कोरलेले असतात, चष्मा लावून वाचा. एलईडीचा लांब पाय रेझिस्टरमधून ४ला आणि आखूड पाय ५ला. झालं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे तिन्ही पार्ट चहा-नाश्त्याच्या खर्चात मिळतात.

पाठवणाऱ्याच्या आउटची वायर या सॉकेटात घाला. काही वाजवत नसाल तेव्हा एलईडी विझलेला हवा. एक पट्टी दाबली तर लुकलुक इतकी क्षणाची असते की डोळ्याला चुकते. म्हणून बेंडर घ्या आणि सावकाश वर-खाली फिरवत राहा. बेंडर निरोपांची रांगच्या रांग पाठवतो आणि एलईडी मंद लाल थरथरतो. खोलीतला दिवा मालवून बघा, स्पष्ट दिसेल. काहीही न करता तो दर क्षणाला बारीक चमकत असेल तर घाबरू नका. काही वाद्यं 'मी अजून जोडलेला आहे' असा निरोप ३०० मिलिसेकंदांच्या आत पुन्हा-पुन्हा पाठवत असतात. आणि एलईडी सतत पेटूनच राहिला तर मात्र आउटमध्ये किंवा वायरीत दोष आहे.

एलईडी थरथरला म्हणजे पाठवणारा आणि वायर दोघंही सुटले. आता बोट घेणाऱ्या सिंथकडे.

थ्रूला विचारा

घेणाऱ्या सिंथला मिडी थ्रू असेल तर तुमचं नशीब चांगलं. थ्रू म्हणजे इनमध्ये आलेलं जसंच्या तसं पुढे देणारं दार, आणि बहुतेक वाद्यांत त्याचा फाटा ऑप्टोकप्लरच्या लगेच मागून, प्रोसेसरच्या आधी निघतो. म्हणून इनमध्ये वायर लावा, थ्रूमध्ये आपला एलईडी लावा आणि बेंडर फिरवा. एलईडी थरथरला तर सॉकेट, त्याचे सोल्डर, ऑप्टोकप्लर सगळं जिवंत आहे. सिंथला निरोप ऐकू येतोय, तरी तो वाजत नाही. अशा वेळी दहातल्या नऊदा दोष सेटिंगचा निघतो, हा माझा अनुभव. एलईडी मेलेलाच राहिला तर दोष सॉकेट ते ऑप्टोकप्लर या बोटभर अंतरात आहे. एका मिनिटात वाद्याचे दोन भाग झाले आणि कुठल्या भागात शोधायचं ते कळलं. काही नव्या वाद्यांत थ्रू प्रोसेसरच्या हातात असतो आणि मेनूतून बंदही करता येतो, तेवढं मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

सेटिंगमध्ये अडकलेले सूर

एका वायरीवर मिडीचे १६ चॅनेल चालतात. पाठवणारा ज्या चॅनेलवर बोलतो, घेणारा त्याच चॅनेलवर ऐकत असेल तरच सूर उमटतो. सगळ्यात जास्त तक्रारी इथेच मिटतात. घेणाऱ्यावर 'ओम्नी' नावाची सेटिंग असेल तर ती ऑन करा. मग तो सगळ्या चॅनेलवर ऐकतो. ओम्नीत वाजला आणि ऑफ केल्यावर थांबला, की चॅनेल चुकलाय हे नक्की. काही कंट्रोलर आणि प्रोग्राम चॅनेल १ ते १६ऐवजी ० ते १५ असे मोजतात, तिथे एकाचा फरक पडतो. यामाहाचा डीएक्स७ पाठवतो तो फक्त चॅनेल १वर. त्याच्यापुढे दुसरा सिंथ जोडला असेल तर जुळवून घ्यायचं काम त्या दुसऱ्याचं.

ऑक्टोपॅडवाल्यांनी इथे जरा थांबावं. ढोलकीपासून ड्रमपर्यंत सगळं त्यातूनच निघतं म्हणून ऑक्टोपॅड म्हणजे वाद्य असं आपल्याकडे धरून चालतात. पण १९८५मध्ये रोलँडने काढलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये, पॅड-८मध्ये, स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो नुसता मिडीचे निरोप पाठवायचा आणि आवाज दुसऱ्या यंत्राचा. आजही पॅडवरून सिंथ वाजवायचा असेल तर प्रत्येक पॅड कुठल्या चॅनेलवर कुठला सूर पाठवतो हे वेगळं लावता येतं. ड्रमचा रूढ चॅनेल १० आहे. पॅड दहावर मारताय आणि सिंथ एकवर ऐकतोय, तर जोर लावून काही होणार नाही. दुसरी गोम सुराच्या नंबराची. पॅडने पाठवलेला सूर सिंथच्या त्या टोनच्या पट्ट्यांच्या पलीकडचा असला तरीही शांतता. स्प्लिट लावलेल्या सिंथवर तर हे हमखास होतं.

ज्या सिंथमध्ये एका वेळी अनेक टोन वेगवेगळ्या चॅनेलवर वाजतात, त्यांत पॅच आणि मल्टी किंवा परफॉर्मन्स असे दोन प्रकार असतात. पॅचमध्ये एकच चॅनेल, सिस्टिम मेनूतला. मल्टीत प्रत्येक पार्टचा आपला चॅनेल, आपला व्हॉल्यूम, आपली पट्ट्यांची हद्द आणि निरोप घ्यायचा की नाही याचा आपला स्विच. तुम्ही सिस्टिममध्ये चॅनेल ३ लावून बसलात आणि वाद्य मल्टीत असेल, तर ती सेटिंग तिथे मानलीच जात नाही. संशय आला तर सरळ पॅच मोडमध्ये या, ठळक आवाजाचा पियानो लावा आणि तिथून सुरुवात करा.

आता तो दोष, जो ओळखायला सगळ्यात अवघड. सिंथला सूर पोहोचतात, स्क्रीनवरचा मिडीचा दिवा लुकलुकतो, तरीही आवाज नाही. मिडीत सुरांबरोबर कंट्रोलरचे निरोपही जातात. ७ नंबरचा कंट्रोलर म्हणजे त्या चॅनेलचा व्हॉल्यूम, ११ म्हणजे एक्स्प्रेशन. एखाद्या गाण्याचा शेवट हळूहळू विरत नेलेला असेल, तर त्या फाइलने जाता जाता व्हॉल्यूम शून्यावर नेऊन सोडलेला असतो. सिंथ आज्ञाधारक असतो, तो शून्यावरच बसून राहतो. पुढच्या गाण्याला पट्टी दाबता आणि काहीच नाही. एक्स्प्रेशन पेडल अर्धवट जोडलेलं असेल तरी हेच होतं. उपाय म्हणजे व्हॉल्यूम ७ला पुन्हा १२७ किंवा १०० पाठवणं, किंवा टोन बदलून परत येणं. त्यानेही नाही झालं तर सिंथ बंद करून चालू करणं. स्वतःच्या फाइली करणाऱ्यांनी प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीलाच ७ आणि ११ची किंमत लिहून ठेवावी. स्टेजवर त्याने लाज वाचते.

याच कुळातला दुसरा दोष प्रोग्राम चेंजचा. पाठवणाऱ्या कीबोर्डवर टोन बदलला की तो तोच नंबर सिंथलाही पाठवतो आणि सिंथ एखाद्या रिकाम्या जागेवर जाऊन बसतो. पाठवणाऱ्यावर प्रोग्राम चेंज बंद करा. आणि आर्पेजिओ किंवा सीक्वेन्सर सुरूच होत नसेल, सूर मात्र वाजत असतील, तर क्लॉक 'एक्स्टर्नल'वर आहे का ते पाहा. बाहेरचा क्लॉक मात्रेला २४ ठोके देतो. तो आलाच नाही तर सिंथ त्याची वाट बघत राहतो.

जुन्या वाद्यांत काही सेटिंग मेनूत नसते, मागच्या पत्र्यावर असते. ज्यूनो-१०६च्या मागे तीन जागांचा एक सरकता स्विच आहे. पहिल्या जागेवर तो फक्त सूर घेतो. दुसऱ्या जागेवर बेंडर, होल्ड आणि प्रोग्राम चेंजही घेतो, तिसऱ्यावर सगळंच. 'माझा ज्यूनो सूर वाजवतो पण बेंडर घेत नाही' अशी तक्रार आली की आधी त्या स्विचकडे बघायचं. ज्यूनोला पट्टी किती जोराने दाबली हे कळत नाही, तो दोष नव्हे, तो तसाच घडवलेला आहे.

लावलेला चॅनेल दर वेळी विसरला जात असेल, टोनही बदलत असतील, तर आतला सेल संपत आलाय. बऱ्याच जुन्या सिंथमध्ये तो तीन व्होल्टचा सीआर२०३२ असतो. बदलण्याआधी सगळे टोन सिस्टिम एक्सक्लुझिव्ह फाइलने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सेल काढला की स्मरण जातं. फॅक्टरी रीसेट करण्याआधीही हेच. वर्षानुवर्षं घडवलेले टोन एका बटणात पुसले गेलेले कलाकार मी पाहिले आहेत, आणि ते परत आणण्याचा काही उपाय नसतो.

कॉम्प्युटर मध्ये आला की

यूएसबीची पहिली शंका वायरीवर. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या कित्येक वायरींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. सिंथचा दिवा लागतो, कॉम्प्युटरला तो दिसत नाही. दुसरी समजूत दुरुस्त करायची ती दोन कीबोर्ड यूएसबीने सरळ एकमेकांना जोडता येतात ही. सहसा तसं चालत नाही. दोन्ही पाहुणे, मध्ये यजमान लागतो. तो कॉम्प्युटर असेल, ओटीजी लावलेला मोबाइल असेल किंवा यूएसबी होस्ट बॉक्स.

एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल मिडी प्लग लोंबणाऱ्या स्वस्त वायरी सगळीकडे मिळतात. त्यांच्यावर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं असतं, पण कुणाच्या दृष्टीने ते प्रत्येक बनवणाऱ्याने वेगळं ठरवलेलं. चालत नसेल तर दोन्ही प्लग अदलाबदल करा, नुकसान काही नाही. त्यातल्या काही सुरांपुरत्या ठीक असतात आणि मोठी एक्सक्लुझिव्ह फाइल पाठवली की मधले बाइट गिळतात. टोनची फाइल अर्धी उतरत असेल तर सिंथला दोष देण्याआधी चांगला इंटरफेस मागून आणून एकदा पाहा.

कॉम्प्युटरपाशी येणारा निरोप डोळ्याने बघायचा असेल तर विंडोजवर मिडी-ऑक्स हा प्रोग्राम वर्षानुवर्षं कामाला येतोय. प्रत्येक निरोपाची ओळ, चॅनेलसकट, समोर येते. फक्त विंडोजमध्ये बरेचदा एक पोर्ट एकाच प्रोग्रामला मिळतो. मिडी-ऑक्स उघडा ठेवून रेकॉर्डिंगचा प्रोग्राम सुरू केलात तर तो पोर्ट सापडत नाही म्हणेल. एकच सूर दोनदा वाजल्यासारखा, जाडसर, फेज झाल्यासारखा येत असेल तर सिंथ स्वतः एकदा वाजतोय आणि कॉम्प्युटरने परत पाठवल्यावर दुसऱ्यांदा. सिंथवर लोकल ऑफ करा. आणि पुढे कार्यक्रमाला जाताना ते ऑन करायला विसरू नका, नाहीतर स्टेजवर स्वतःच्याच पट्ट्या मुक्या होतील. यूएसबी लावल्यावर स्पीकरमध्ये चिरचिर आली तर पाच पिनच्या वायरीकडे परत या. तिथे ऑप्टोकप्लर आहे, यूएसबीत तो बहुधा नसतो.

सूर अडकून वाजतच राहत असेल, तर पट्टी सोडल्याचा निरोप हरवला आहे. कंट्रोलरवर पॅनिक बटण असेल तर दाबा, ते १२३ नंबरचा 'सगळे सूर थांबवा' हा निरोप पाठवतं. मग कारण शोधा. सैल प्लग असेल, किंवा दोन वाद्यांच्या आउटला वाय वायरीने एकत्र केलेलं असेल. ऑडिओत जमतं तसं मिडीत जमत नाही. दोन निरोप एकमेकांत मिसळून दोन्ही नासतात. तिथे मर्जरच हवा. एकाच्या थ्रूमधून पुढच्याच्या इनमध्ये असं जोडत चार-पाच वाद्यांची माळ केली तरी शेवटच्यापर्यंत निरोपाच्या कडा बोथट होत जातात. तीनच्या पुढे थ्रू बॉक्स घ्या.

आता उघडायचं असेल तर

थ्रू मेलेला, चॅनेल तपासलेला, वायर दोनदा बदललेली, तर दोष आत आहे. उघडण्याआधी अजून एक तपासणी बाहेरूनच होते. सिंथ बंद करा, विजेची वायर काढा. मल्टिमीटर डायोडवर ठेवा. लाल टोक इनच्या ४ नंबरच्या भोकात, काळं ५मध्ये. ऑप्टोकप्लरचा एलईडी शाबूत असेल तर साधारण १.१ ते १.५ व्होल्ट दिसतात. टोकं उलटी करा. बहुतेक सर्किटांत १एन४१४८ किंवा तसाच एक डायोड उलटा जोडलेला असतो, तेव्हा ०.६ ते ०.९ व्होल्ट. लाल ४वर असताना काहीच दिसलं नाही तर एलईडी गेलेला, नाहीतर सॉकेटपाशीच तार सुटलेली.

या दोघांत सॉकेट आधी संशयित. मागचं सॉकेट बहुतेक वाद्यांत सरळ बोर्डवर सोल्डर केलेलं असतं आणि वर्षानुवर्षं प्लग ओढल्याने पिनभोवतीचं सोल्डर गोल चिरतं. भिंगातून बघा, पिनभोवती केसाएवढी काळी अंगठी दिसते. तीच चीर. पाचही पिना नव्याने सोल्डर केल्या की बरीच 'मेलेली' वाद्यं बोलू लागतात. कोकणात किनाऱ्याच्या गावी राहणाऱ्या वाद्यांत सॉकेटच्या पानांवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बारीक ब्रशने तो काढा. सॅंडपेपर नको, वरचा मुलामा जातो.

ऑप्टोकप्लरच गेला असेल तर तो कोणता आहे ते चिपवरचं नाव वाचून ठरवा. जुन्या वाद्यांत शार्पचा पीसी-९०० असतो, पुष्कळ वाद्यांत ६एन१३८. दोघांच्या पायांची मांडणी वेगळी आहे, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मिडीला झटपट उघडझाप करणारा ऑप्टोकप्लर लागतो, निरोपाच्या कडा दोन मायक्रोसेकंदांच्या आत उमटाव्या लागतात. म्हणून चार्जरमधून काढलेला कुठलाही चार पायांचा घालून चालत नाही. सूर येतील, पण घाईच्या तानेत गळतील. जुना काढताना पाय कापून एकेक सुटा करा, मग गरम करून उचला. ओढाताण केली की तांब्याची रेघ येते, ती चूक मी केली आहे. नवीन बसवताना आयसी बेस घाला, पुढच्या माणसाला सोल्डरिंग आयर्न लागणार नाही.

पॉवर सप्लाय आतच असलेल्या सिंथमध्ये मात्र २३० व्होल्ट एका कोपऱ्यात उघडे असतात आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ राहतात. सोल्डरची सवय नसेल तर हात घालू नका, जाणत्या माणसाकडे द्या. पण देताना नुसतं 'मिडी गेलंय' सांगू नका. एका कागदावर लिहून वाद्याला चिकटवा: कुठल्या वाद्यातून जोडत होतो, चॅनेल कोणता, ओम्नीत वाजतो का, थ्रूवर एलईडी थरथरतो का, यूएसबीवरून वाजतो का, डायोडवर ४ आणि ५मध्ये किती व्होल्ट आले, आणि हे कधीपासून. माझ्याकडे असा कागद चिकटवलेला सिंथ येतो, तेव्हा मी तो आधी वाचतो आणि बरेचदा संध्याकाळच्या आत वाद्य परत जातं.